दोन मुले, एक बाबागाडी आणि लिफ्टचे ७० सेंटिमीटरचे दार

आमच्या घराच्या दारातून जाण्यायेण्याची मोकळी वाट ७४ सेंटिमीटरची आहे, हे त्या घरात सहा वर्षे राहूनही मला ठाऊक नव्हते. ते कळले तेव्हा मी सात महिन्यांची गरोदर होते, हातात मोजपट्टी होती, आणि दोन वर्षांची थोरली त्या पट्टीचे दुसरे टोक धरून मोठ्या जबाबदारीच्या कामावर असल्याच्या थाटात उभी होती. दोन मुले शेजारी-शेजारी बसतील अशी जी दुहेरी बाबागाडी आम्ही जवळजवळ नक्की केली होती, तिची रुंदी ७६ सेंटिमीटर होती. पुन्हा मोजले तेव्हा लक्षात आले की चौकट चांगली ८२ सेंटिमीटरची आहे, पण दाराचे पान चपलांच्या कपाटाला अडून काटकोनापर्यंतही उघडत नाही. कपाट हलवल्यावर वाट ७८ सेंटिमीटरची झाली आणि आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. तो आनंद लिफ्टपर्यंत टिकला. लिफ्टचे दार ७० सेंटिमीटरचे होते, आणि तेथे हलवण्याजोगे कोणतेही कपाट नव्हते.

वास्तविक मोजमापांनी सुरुवात व्हायला हवी होती, परंतु आम्ही सुरुवात केली ती हिशेबाने, आणि तो हिशेब अगदी बाळबोध होता. दोन मुले, म्हणून दोन बैठका. धाकट्या बाळाच्या जन्माच्या वेळी थोरली दोन वर्षे दोन महिन्यांची असणार होती. ज्यांना विचारले त्यांच्यापैकी एकीने ठामपणे सांगितले की दुहेरी गाडीशिवाय घराबाहेर पाऊल टाकता येणार नाही, आणि दुसरीने तितक्याच ठामपणे सांगितले की ती गाडी चार महिन्यांत अडगळ होईल. दोघीही स्वतःच्या अनुभवावरूनच बोलत होत्या. पहिलीच्या मुलांत चौदा महिन्यांचे अंतर होते आणि दुसरीच्या मुलांत साडेतीन वर्षांचे, एवढा तपशील मात्र दोघींनीही न विचारता सांगितला नव्हता. आमचे अंतर नेमके या दोहोंच्या मधले, म्हणजे जिथे कोणताही सल्ला सरळ लागू पडत नाही असे होते.

त्यामुळे मी एक आठवडाभर थोरलीच्या चालण्याची नोंद ठेवली. या सगळ्या खटाटोपात मी केलेले सर्वांत उपयोगी काम तेच होते, असे मला आजही वाटते. दाराशी एक कागद लावला आणि प्रत्येक फेरीनंतर त्यावर तीनच गोष्टी लिहिल्या: किती वेळ बाहेर होतो, किती वेळ ती स्वतःच्या पायांनी चालली, आणि कोणत्या क्षणी तिने हात वर करून "उचल" म्हटले. सात दिवसांत अकरा फेऱ्या झाल्या. त्यांपैकी आठ फेऱ्यांत ती जाता-येता चालली, आणि त्या वेळी जवळ असलेल्या एकेरी गाडीत बसण्याचा आग्रह केल्यावर तिने पाठीची कमान करून निषेध नोंदवला. उरलेल्या तीन फेऱ्यांत ती बसली, आणि त्या तिन्ही वेळा परतीच्या वाटेवर, घर सोडल्याला अर्धा तास उलटून गेल्यावर. तिन्ही वेळा तिला बसायचे होते ते ताबडतोब, आणि त्यांपैकी दोन वेळा ती दहा मिनिटांच्या आत झोपी गेली.

त्या कागदाने आमचा प्रश्नच बदलला. थोरलीसाठी गाडी हवी होती ती फिरायला जाण्यासाठी नव्हे, तर परत येताना तिचे पाय जिथे संपतात तिथून घरापर्यंतच्या अंतरासाठी. म्हणजे दुसरी बैठक बहुतेक वेळ रिकामी राहणार होती, पण जेव्हा लागेल तेव्हा ती घरी काढून ठेवलेली असून चालणार नव्हते. आम्ही गाड्या पाहत होतो त्या सकाळच्या, हसऱ्या, ताज्या मुलांना डोळ्यांसमोर ठेवून. निवडायची होती ती मात्र दमलेल्या, रडवेल्या, बूट काढून फेकणाऱ्या मुलीकडे पाहून.

सर्वांत स्वस्तातला आणि सुटसुटीत वाटणारा उपाय होता तो एकेरी गाडीच्या मागे जोडायच्या फळीचा. दोन लहान चाकांवरची ही फळी गाडीच्या मागच्या आसाला जोडतात, आणि थोरले मूल दोन्ही हातांनी गाडीचा सांगाडा धरून तिच्यावर उभे राहते. साधारण दोन वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी ती असते आणि तिची वजनमर्यादा बहुधा २० किलोच्या आसपास असते. आमच्या जुन्या एकेरी गाडीला एका परिचितांकडची फळी जोडून पाहिली. थोरली बेहद्द खूश झाली. माझे मात्र हाल झाले, कारण ढकलणाऱ्याचे पाय आणि गाडी यांच्यामध्ये आता एक मूल उभे असते. पाऊल पूर्ण टाकले की नडगी फळीवर आपटते, म्हणून एक तर आखूड पावले टाकावी लागतात किंवा किंचित तिरके चालावे लागते. पोट पुढे आलेले असताना तर हात हँडलपर्यंत पोचवण्यासाठी वाकावेच लागत होते. तरीही हे सगळे सोसले असते. पण उभे राहून झोपता येत नाही, आणि आमच्या कागदावरची दोन झोपेची टिपणे मला विसरता येत नव्हती.

शेजारी-शेजारी बैठका असलेल्या गाडीबद्दल मला अजूनही हळहळ वाटते. दोन्ही मुलांना समोरचे सारखेच दिसते, दोघांच्याही डोक्यावर स्वतंत्र टप असतो, एक झोपले तर त्याची पाठ आडवी करून दुसऱ्याला ताठ बसवता येते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोघांचेही वजन मागच्या चाकांपासून सारख्याच अंतरावर असल्यामुळे हँडल जरासे दाबले की पुढची चाके सहज उचलली जातात. दोष एवढाच की एका बाजूला साडेबारा किलो आणि दुसऱ्या बाजूला चार किलो बसले की गाडी जड बाजूकडे ओढ घेते, आणि एका हाताने ढकलताना ती ओढ मनगटात जाणवते. जुळ्यांसाठी हा प्रकार मला आजही सर्वोत्तम वाटतो. आमच्या लिफ्टला तो मान्य नव्हता, इतकेच.

राहिला प्रकार पुढे-मागे बैठका असलेल्या लांब गाडीचा. एका ओळखीच्या कुटुंबाने त्यांच्याकडची वापरलेली गाडी चार दिवसांसाठी दिली, आणि त्या चार दिवसांत दुकानांतल्या सगळ्या फेऱ्यांपेक्षा अधिक समजले. दुकानातली फरशी गुळगुळीत असते, तिथे गाडी रिकामी असते, आणि रिकामी गाडी तर एका बोटानेही वळते. आम्ही पुढच्या बैठकीवर खुद्द थोरलीला बसवले आणि मागे बाळाच्या जागी पाच लिटर पाण्याचा कॅन पट्ट्याने बांधला, कारण पाच लिटर पाणी म्हणजे पाच किलो, जवळपास दोन महिन्यांच्या बाळाइतके. तसे बांधून पदपथाच्या कडेशी गेले आणि नेहमीच्या सवयीने हँडल दाबले, तर पुढची चाके जागची हललीसुद्धा नाहीत. कारण उघड होते: जड मूल मागच्या आसापासून सर्वांत लांब बसले होते, आणि तेवढ्या लांबवरचे वजन उचलायला माझ्या हातांखालचा दांडा पुरत नव्हता. दोघींची अदलाबदल करून पाहिली, म्हणजे कॅन पुढे आणि मुलगी मागे, तेव्हा चाके उचलली गेली. पण मागून समोरच्या बैठकीच्या पाठीखेरीज काहीच दिसत नसल्याने थोरलीने त्या पाठीवर लाथा मारायला सुरुवात केली. तिथे कॅनऐवजी भाऊ असता तर काय झाले असते, हे सांगायला नको.

त्या गाडीची लांबी ११२ सेंटिमीटर होती आणि लिफ्टची खोली १२०. गाडी आत गेली, दारही बंद झाले, पण मला उभे राहायला उरली ती गाडीच्या कडेची सुमारे चाळीस सेंटिमीटरची पट्टी, आणि सात महिन्यांचे पोट घेऊन मी तीत आडवी उभी राहिले. वर पोचल्यावर आधी बाहेर कोण पडणार, हा आणखी एक प्रश्न होता.

याच गाडीने आणखी एक धडा दिला. तिची घडी उलगडल्यावर सांगाडा पक्का बसला की एक खटका आपोआप अडकायचा, आणि तो न अडकल्यास दुसरी पिन हाताने लावायची, अशी दुहेरी सोय होती. वापराने तो पहिला खटका झिजला होता. वरून पाहता गाडी पूर्ण उघडलेली दिसायची, पण हँडलवर जोर दिला की मधला सांधा किंचित खाली बसायचा. वापरलेली गाडी घेणे मुळीच वाईट नाही, मात्र घेण्यापूर्वी ती भरून, दोन्ही हातांनी दाबून, उतारावर ब्रेक लावून आणि पाच बिंदूंच्या, म्हणजे दोन्ही खांदे, कंबरेच्या दोन्ही बाजू आणि पायांमधून येणाऱ्या पट्ट्याचे प्रत्येक बकल दहादा उघडबंद करून पाहावी, असे मी म्हणेन. गाडी उघडताना किंवा मिटताना चालते मूल हाताच्या अंतरावर असू नये, हेही तेव्हाच मनावर ठसले, कारण त्याच सांध्यात बोट घालून पाहण्याची थोरलीला भारी उत्सुकता होती.

दरम्यान धाकट्याच्या गरजांचा विचार जवळजवळ राहूनच गेला होता. नवजात बाळाला मान सावरता येत नाही, म्हणून पहिले सहा महिने, किंवा ते आधाराशिवाय बसू लागेपर्यंत, त्याला सपाट झोपवता येईल अशीच जागा लागते. अनेक दुहेरी गाड्यांत दोन्ही बैठका दिसायला सारख्या असतात, पण पूर्ण आडवी होणारी एकच असते, आणि ती कोणती हे माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दिलेले असते. मोटारीतली बाळाची खुर्ची थेट सांगाड्यावर बसवण्याची सोय मोहात पाडते, कारण झोपलेल्या बाळाला उचलावे लागत नाही. परंतु त्या अर्धवट बसलेल्या स्थितीत लहान बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वासाची वाट अरुंद होऊ शकते, त्यामुळे ती खुर्ची प्रवासापुरतीच वापरावी आणि लांबलेली झोप सपाट जागी व्हावी, असे डॉक्टर सांगतात. खालच्या बाजूला, सामानाच्या टोपलीच्या जागी दुसरे मूल झोपते अशीही एक गाडी पाहिली. नवऱ्याने गुडघ्यांवर बसून त्या खालच्या जागेत डोके घातले, थोडा वेळ तसाच राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला, "इथून फक्त बूट दिसतात." तो विषय तिथेच मिटला.

वजनमर्यादेचा हिशेब मात्र बसल्या जागी करता येण्याजोगा होता, आणि तो मी कौतुकाने केला. युरोपीय मानकांत बाबागाड्यांचे दोन गट आहेत: पहिला १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आणि दुसरा १५ ते २२ किलोंच्या मुलांसाठी. आम्ही पाहत असलेल्या बहुतेक गाड्यांच्या बैठकींवर १५ किलो हीच मर्यादा लिहिलेली होती. थोरली तेव्हा साडेबारा किलोंची होती, आणि या वयात मुलांचे वजन वर्षाला साधारण दोन किलोंनी वाढते. म्हणजे ती त्या बैठकीत फार तर सव्वा वर्ष बसणार होती. सव्वा वर्षासाठी कायमची दुहेरी गाडी घ्यायची का, हा प्रश्न त्या आकड्यानेच सोडवला.

घडीबद्दल मी थोडक्यातच सांगते, कारण तिथे फारसे शिकण्यासारखे काही नव्हते. छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश अभियंत्याने आखली. त्याने पूर्वी स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या जोडणीवर काम केलेले होते, आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची त्याची ती गाडी तीन किलोंच्याही आत होती. दोन मुलांच्या गाडीच्या बाबतीत तशा हलकेपणाची स्वप्ने पाहू नयेत. आम्ही पाहिलेल्या एकाही दुहेरी गाडीचे वजन अकरा किलोंच्या खाली नव्हते, आणि "एका हाताने घडी" असे लिहिलेल्या गाड्यांची घडी एका हाताने होत असली, तरी त्या दुसऱ्या हातात बाळ असताना होत नव्हती. डिकीची लांबी-रुंदी मोजा, तसेच तिच्या तोंडाची उंचीही मोजा, एवढेच सांगते.

शेवटी आम्ही घेतली ती मूळची एकेरी, पण पुढे दुसरी बैठक जोडता येणारी गाडी. बाळाचा सपाट पाळणा हँडलच्या बाजूला, माझ्याकडे तोंड करून. आणि थोरलीची बैठक पुढे, जरा खालच्या पातळीवर, रस्त्याकडे तोंड करून. रुंदी ६१ सेंटिमीटर, दोन्ही बैठकांसह लांबी १०४. पाळण्यासह सांगाडा पावणेतेरा किलोंचा आणि वेगळी बैठक तीन किलोंची. पुढे जड मूल बसवण्याचा दोष या गाडीतही होता, पण अंतर कमी असल्यामुळे मागच्या आसाजवळच्या दांडीवर पाय देऊन हँडल खाली घेतले की कडा चढता येत होती, आणि कडा फारच उंच असेल तर गाडी वळवून मागची चाके आधी वर ओढून घेणे सोपे जात होते. चाके फोमची घेतली. हवा भरलेली चाके खडबडीत वाटेवर निश्चितच मऊ चालतात, परंतु दोन मुलांना घेऊन पंक्चर झालेली गाडी ढकलण्याची कल्पना मला सहन होईना.

प्रसूतीनंतरचे पहिले काही आठवडे ती गाडी मी वापरूच शकले नाही. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली होती आणि बाळाच्या वजनापेक्षा जड काही उचलू नये अशी सूचना होती. ढकलणे निराळे, पण पायऱ्या आणि कडा यांपाशी ढकलण्याचे उचलणे कधी होते ते कळत नाही. त्या काळात नवरा थोरलीला जुन्या गाडीतून न्यायचा आणि बाळाला झोळीत छातीशी बांधायचा, त्याचा चेहरा सतत दिसेल आणि हनुवटी छातीवर टेकणार नाही अशा बेताने. ही जोडी इतकी सुरळीत चालली की नवी गाडी उगाच घेतली की काय, अशी शंका आम्हा दोघांनाही आली. तिसऱ्या महिन्यात बाळ सहा किलोंच्या पुढे गेले आणि नवऱ्याची कंबर बोलू लागली, तेव्हा ती शंका फिटली.

गाडी उलटली तो प्रसंग मात्र सांगायलाच हवा, कारण ती चूक पूर्णपणे माझी होती. बाळ चार महिन्यांचे होते. फाटकाशी पोचल्यावर मी ब्रेक लावला आणि थोरलीचे बकल सोडले. हँडलला भरलेली पिशवी अडकवलेली होती. "मी उतरते" म्हणत थोरली पुढून उडी मारून उतरली, आणि पुढचे तेरा किलो एका क्षणात नाहीसे झाल्याबरोबर गाडी पिशवीच्या भाराने मागे कलली. मी गुडघा पुढे केला म्हणून ती पूर्ण आडवी झाली नाही; हँडल माझ्या मांडीवर टेकले आणि पुढची चाके हवेत फिरत राहिली. बाळ पाळण्यात पट्ट्याने बांधलेले होते, त्यामुळे ते फक्त डोक्याकडे जरासे सरकले आणि डोळे मोठे करून माझ्याकडे पाहत राहिले. हँडलला पिशवी लावू नये ही सूचना गाडीवरच्या पट्टीवर ठळकपणे छापलेली आहे, आणि मी ती तोपर्यंत निदान शंभर वेळा वाचलेली होती. त्या दिवसापासून सामान खालच्या टोपलीत, आणि थोरलीने उतरण्यापूर्वी माझा एक हात हँडलवर वरच्या बाजूने नव्हे, तर खालून, असा नियम झाला.

बसण्याच्या जागेवरून भांडणे झाली नाहीत असे नाही. पहिले पंधरा दिवस थोरलीला पाळण्यातच झोपायचे होते, आणि एकदा ती त्यात पाय मुडपून शिरलीही. त्यानंतर आम्ही तिला एक काम दिले: थांबल्यावर ब्रेकच्या पट्टीवर पाय देण्याचे. मी तिच्यामागे पुन्हा पायानेच तपासून घ्यायचे, पण लाल खूण दिसली की "लागला" असे ओरडण्याचा मान तिचा होता. त्या मानापुढे पाळण्याचे आकर्षण कमी झाले. परतीच्या वाटेवरची अर्ध्या तासानंतरची ती हाक मात्र कागदावर नोंदल्याप्रमाणेच येत राहिली, आणि बैठक जागेवर असल्यामुळे तिला चढवून पट्टे लावायला मिनिटही लागत नसे.

बाळ सहा महिन्यांचे होऊन बसू लागल्यावर पाळण्याच्या जागी त्याची बैठक आली. थोरली सव्वातीन वर्षांची झाली तेव्हा तिचे वजन पावणेपंधरा किलो भरले, आणि गेल्या महिन्याभरात ती पुढच्या बैठकीत एकदाही झोपलेली नाही हेही माझ्या लक्षात आले. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने ती बैठक सोडवून वरच्या कपाटात ठेवली. आता फळी पुन्हा मागून घेतली आहे, पोट आडवे येत नसल्यामुळे ती पूर्वीइतकी त्रासदायक वाटत नाही, आणि आखूड पावलांची सवयही होऊ लागली आहे.

बैठक काढल्यानंतरच्या पहिल्या फेरीला थोरली बाजूने चालत होती. वर्षभर पस्तीस-चाळीस किलो ढकलण्याची सवय झालेल्या हातांनी मी गाडीला लिफ्टच्या उंबऱ्यावर नेहमीचा धक्का दिला, आणि ती सुसाट आत जाऊन मागच्या भिंतीवर आपटली. आत बसलेला धाकटा खदखदून हसला. थोरलीने आत जाऊन शांतपणे ब्रेक लावला आणि मला म्हणाली, "आई, हळू."